उचल आधी, बोनस नंतर

दसरा जवळ आला की बीड, गेवराई, पाथर्डी, धारूरकडच्या वाड्या-तांड्यांवर मुकादमाच्या चकरा वाढतात. त्याचा हंगाम मात्र भर पावसाळ्यातच सुरू झालेला असतो. कुणाच्या घरी लग्न निघालंय, कुणाची बोअर आटली, कुणाचं पोर दवाखान्यात आहे, याची नोंद त्याच्याकडे तलाठ्यापेक्षा चोख असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे त्याच्या हिशेबात एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा. कोयत्याला तो उचल देतो. ही रक्कम त्याची स्वतःची नसते. कारखान्याकडून वाहतूक कंत्राटदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि तिथून टोळीकडे ती उतरत येते. पुढचे पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा थेट कर्नाटकातल्या फडात ऊस तोडून ती फेडायची असते. हंगाम संपल्यावर टनेज आणि दर यांचा गुणाकार होतो. तो उचलीपेक्षा कमी भरला तर बाकी पुढच्या सालावर जाते.

म्हणजे इथे पगार कामाच्या आधी मिळतो. नोकरदार वाचकाला हे थोडं हेवा वाटण्यासारखं वाटेल. मालक आणि कामगार यांच्या हितसंबंधांची ओढाताण समजून घ्यायची तर मला मात्र इथूनच सुरुवात करावीशी वाटते. या विषयावरच्या चर्चेत बहुधा दोनच पात्रं असतात, लोभी मालक आणि कामचुकार कामगार. दोघंही अस्तित्वात आहेत, भरपूर आहेत. पण दोन्ही बाजूंना शहाणी, सरळ माणसं बसवली तरी भांडण मिटत नाही. कामगार विकतो तो वेळ आणि मालकाला हवं असतं ते काम. या दोहोंच्या मधल्या अंतरात पैसा कधी हातात पडतो, कशावर मोजला जातो आणि वाईट दिवसाचा भुर्दंड कुणावर पडतो, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी बरंचसं भांडण उलगडतं.

ऊसतोडीत मोजमाप टनावर. वरवर पाहता हा सगळ्यात न्याय्य हिशेब: जेवढं तोडाल तेवढं मिळेल. पण फडात उभं राहून पाहा. शेतकऱ्याला आणि कारखान्याला ऊस अगदी जमिनीलगत तोडलेला हवा, कारण साखर बुडख्यात जास्त असते. तोडणाऱ्याला तेवढं खाली वाकायचं म्हणजे कंबर आणि वेळ दोन्ही मोडायची. पाचट नीट सोलायला वेळ लागतो, आणि सोललेल्या पाचटाचे पैसे नाहीत. फड पेटवला तर पाचट आपोआप जातं, कोयता झपाझप चालतो. जळीत उसाची कपात होते ती शेतकऱ्याच्या बिलातून. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तोडणाऱ्याचे, हा जुना रिवाज. ते बैलांना घालता येतात, गावातल्या गवळ्याला विकता येतात. मग वाढं चार बोटं खालून तुटलं तर नवल काय? शेवटी शेतकरी टोळीला वेगळी ‘खुशाली’ देतो, गाडीवाल्याला ‘एन्ट्री’ देतो. ही खुशाली म्हणजे लाच, असं वर्तमानपत्रं लिहितात. मला ती करारात राहून गेलेली कलमं वाटतात. ज्या गोष्टींचे पैसे दरपत्रकात नाहीत, त्यांची बोली बांधावर उभ्या-उभ्या होते.

आणि खाडा. जोडीतला एकजण आजारी पडला, कामावर गेला नाही, तर त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड लागतो. मालकाच्या बाजूने तर्क सरळ आहे: गाडी भरली नाही तर गव्हाणीत ऊस पडत नाही, आणि उचल तर आधीच देऊन बसलोय. पण हा तर्क माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचला की काय होतं, ते बीड जिल्ह्याने दाखवलं. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत आलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. यामागे एकच कारण नव्हतं. फडात ना शौचालय ना पाणी, त्यामुळे होणारे आजार, शस्त्रक्रियेवर कमाई करणारे खासगी दवाखाने, कमी वयातली लग्नं आणि बाळंतपणं. पण पाळीच्या दिवसांत खाडा पडतो हा हिशेबही त्यात होताच. मुकादमाने कुणाला ऑपरेशन करून ये असं सांगण्याची गरज नव्हती. दर, उचल आणि खाडा या तिघांनी मिळून ते सांगितलं.

मुंबईच्या गिरण्यांत नेमकं उलटं होतं. तिथे पगार मागे ठेवला जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला हातात पडे. तोवर खानावळ, वाणी आणि व्याजाने पैसे देणारा पठाण यांच्यावर घर चाले. मधेच गिरणी सोडली तर मागे अडकलेले दिवस सोडवणं जिकिरीचं. १९३६ चा पगार देण्याबाबतचा कायदा आला, तेव्हा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या किंवा मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत द्यायचं बंधन आलं आणि दंडावर रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा बसली. कायद्याला एवढ्या बारकाव्यात शिरावं लागलं, यावरूनच आधी काय चालत असेल ते कळतं.

पैसे आधी देणं आणि मागे ठेवणं या एकाच दाव्याच्या दोन गाठी आहेत. दोन्हींचा हेतू एकच, माणूस हलू नये. बीडच्या मजुराकडे गमावण्यासारखं काही नसतं म्हणून त्याला कर्ज दिलं जातं. गिरणगावातल्या कामगाराकडे केलेलं काम असतं, म्हणून ते अडकवलं जातं. ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांच्या अटीतही हाच तर्क, फक्त इस्त्री केलेला. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, पण पाच वर्षं भरली तर, अशी अट १९७२ च्या कायद्याने घातली. साडेतीन वर्षांनी राजीनामा लिहून खिशात ठेवणारे आणि दीड वर्ष तो खिशातच बाळगणारे लोक प्रत्येक कचेरीत सापडतात.

गिरण्यांकडे अजून थोडं थांबू, कारण या विषयातलं जवळजवळ सगळं तिथे घडून गेलं आहे. भरती जॉबरच्या हातात, बायकांच्या खात्यात नायकिणीच्या. जॉबरला पगार मालकाचा आणि दस्तुरी कामगाराकडची. मालकाला हवा होता कुशल विणकर, जॉबरला हवा होता दस्तुरी देणारा, गावचा, नात्यातला, उद्या उलटून न बोलणारा. मालकांनी ही पद्धत मोडायला बरीच वर्षं घेतली, कारण तीच त्यांना स्वस्त पडत होती. संपाच्या दिवशी माणसं आणून उभी करणाराही जॉबरच, आणि कधीकधी संप घडवणाराही तोच.

विणखात्यात मजुरी कापडावर होती. सूत खराब आलं, धागा दर दोन मिनिटाला तुटला, तर माग बंद आणि कमाई बंद. कापूस कुणी स्वस्तातला घेतला? मालकाने. वाईट दिवस कुणाचा? विणकराचा. बिघडलेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून कापण्याची पद्धतही होती. मग १९२८ आलं. दोनऐवजी तीन माग सांभाळा, थोडे पैसे जास्त घ्या, अशी मालकांची योजना. हिशेबाने कामगाराचा फायदाच दिसत होता. पण तीन माग एकाने सांभाळले की तिसऱ्या मागावरचा माणूस घरी जाणार, आणि तो बहुधा आपल्याच खोलीत, आपल्याच शेजारी चटई टाकून झोपणारा. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर राहिले.

कामगारांची बाजू तरी एकजिनसी होती का? सर्वांत जास्त कमाई विणखात्यात, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण सांगितलं जाई की कांडी संपली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, तो बाटेल. याच संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला आणि विणखातं खुलं करण्याची मागणी संपवाल्या पुढाऱ्यांसमोर ठेवली. मालक विरुद्ध कामगार या चित्राच्या आत कामगार विरुद्ध कामगार हे चित्र असतंच. मालकाच्या सोयीसाठी ते कुणी रंगवावं लागत नाही.

बोनसची गोष्टही गिरणीतलीच. पहिल्या महायुद्धात नफा चिक्कार झाला, महागाईही भडकली, आणि मालकांनी पगारावर वरकड रक्कम द्यायला सुरुवात केली. पुढे काही वर्षं नफ्यातून वार्षिक बोनसही मिळत गेला. १९२३ चा बोनस दिला नाही तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला गिरण्या बंद पडल्या. मालक म्हणत होते, आम्ही खुशीने दिलं होतं, आता खुशी नाही. कामगार म्हणत होते, तो आमचाच मागे ठेवलेला पगार आहे. चाळीस वर्षांनी १९६५ चा बोनस कायदा आला आणि आज किमान बोनस ८.३३ टक्के आहे. हा आकडा विचित्र वाटतो, पण शंभराला बाराने भागून पाहा: बरोबर एका महिन्याचा पगार. तोटा झाला तरी तो द्यावा लागतो. म्हणजे कायद्याने निकाल कामगाराच्या बाजूने दिला, नाव मात्र मालकाचं ठेवलं.

१८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप सर्वांना ठाऊक आहे. अडीच लाख कामगार, पुढारी दत्ता सामंत, औपचारिकरीत्या कधीच मागे न घेतला गेलेला संप. मला इथे त्यातली एक बाजू महत्त्वाची वाटते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त संघटनेलाच, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच दिला होता. कामगार एका मागे, कागद दुसऱ्याच्या हातात. संघटना ही कामगारांची प्रतिनिधी, पण तिचं अस्तित्व नोंदणीवर अवलंबून असेल तर ती कुणाकडे तोंड करून उभी राहील? आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करायला वाट दिली. त्यानंतर तर मालकाचं हित कापड विणण्यातच उरलं नाही. जमीन तीन हिश्श्यांत वाटायची, मोकळी जागा, म्हाडा आणि मालक, असा मूळ हिशेब होता. २००१ च्या बदलाने तो मोकळ्या जमिनीपुरताच उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. ज्याला गिरणी चालवण्यापेक्षा बंद ठेवण्यात जास्त मिळतं, त्याच्यापुढे उत्पादन वाढवायची तयारी दाखवून कामगाराच्या पदरात काय पडणार?

अमेरिकेत या ओढाताणीचं शास्त्र झालं. फ्रेडरिक टेलरने १९११ च्या पुस्तकात लोखंडाच्या लाद्या उचलणाऱ्या मजुराचं उदाहरण दिलं: दिवसाला साडेबारा टनांवरून सत्तेचाळीस टन, आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर. ओझं जवळजवळ चौपट, पैसे दीडपटीहून थोडे जास्त. टेलरला हा दोघांचाही फायदा वाटला. कामगार मुद्दाम हळू काम करतात अशी त्याची तक्रार होती, पण ते का, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं आहे. जास्त काम करून दाखवलं की मालक दर कमी करतो. चाळीसच्या दशकात डोनाल्ड रॉय हा समाजशास्त्रज्ञ स्वतः यंत्रशाळेत ड्रिल चालवायला राहिला आणि १९५२ मध्ये त्यावर लिहिलं. तिथले कामगार ठरावीक आकड्याला पोहोचले की हात आखडता घेत, कारण त्यापुढे गेलं तर उद्या वेळ मोजणारा माणूस घड्याळ घेऊन येणार. आज जास्त कमावणं म्हणजे उद्याचा दर पाडणं. हा आळस नव्हता. रोज मोजूनमापून केलेली बचत होती.

मग नगावर मजुरी कधीच चालत नाही का? चालते. मोटारींच्या समोरच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट कंपनीने १९९४-९५ मध्ये तासाची मजुरी सोडून नगाची सुरू केली, आणि अर्थतज्ज्ञ एडवर्ड लॅझियर यांनी मोजलं तेव्हा दरडोई काम ४४ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. मजुरी मात्र साधारण दहा टक्क्यांनीच वाढली, हे ती यशोगाथा सांगताना सहसा राहून जातं. तिथे ते चाललं कारण काच कुणी बसवली हे माहीत असे, आणि ती फुटली तर बसवणाऱ्यानेच स्वखर्चाने पुन्हा बसवायची. मोजता येणारं आणि हवं असलेलं काम जवळजवळ एकच होतं. उसाच्या फडात ते तसं नसतं, आणि शाळेत, इस्पितळात, बँकेत तर नाहीच नाही. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी १९९१ मध्ये हेच गणितात मांडलं: दहा कामांपैकी दोनच मोजली तर माणूस उरलेली आठ सोडून देतो, आणि अशा ठिकाणी जोरदार बक्षिसापेक्षा सपाट पगार बरा. होल्मस्ट्रॉमना २०१६ मध्ये नोबेल मिळालं.

त्याच वर्षी वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेचं प्रकरण बाहेर आलं. प्रत्येक ग्राहकाला आठ वस्तू विका असा घोषा होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली, अंदाज वीस लाखांच्या घरातला. १८.५ कोटी डॉलर दंड झाला, आणि सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले. लक्ष्य वरून ठरलं, नोकऱ्या खालच्या गेल्या. आपल्याकडचं रूप सौम्य असतं. माझी मावशी मुदत ठेव नव्याने करायला गेली आणि वीस वर्षांची विमा पॉलिसी घेऊन परत आली. तिचं वय तेव्हा एकाहत्तर. शाखेतला तो मुलगा फार गोड बोलत होता, एवढंच ती सांगत राहिली. मार्च महिना होता, हे मला नंतर सुचलं.

पुण्याच्या आयटीवाल्या हिंजवडीत किंवा खराडीत उसाचा फड नाही, पण उचलीचे नातेवाईक तिथेही राहतात. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड हा त्यांतला थोरला. कंपनीला वाटतं, माणूस लगेच जाऊ नये. कर्मचारी त्या नव्वद दिवसांत हातातली ऑफर दाखवून दुसरी मिळवतो, दुसरी दाखवून तिसरी. आणि स्वतःच्या माणसाला नव्वद दिवस धरून ठेवणारीच कंपनी जाहिरातीत लिहिते, लगेच रुजू होणाऱ्यांना प्राधान्य. फ्रेशरकडून बाँड लिहून घेणं ही तर सरळ उचलच, रोख रकमेऐवजी प्रशिक्षणाच्या रूपात दिलेली. जिथे परदेशी ग्राहकाकडून तासांवर बिल मिळतं, तिथे एखाद्या हुशार पोरीने आठ दिवसांचं काम तीन दिवसांत संपवलं तर तिची कंपनी नेमकी किती खूश होईल, हेही विचारण्यासारखं आहे.

अप्रेझलचा बेल कर्व्ह हा याच घरातला आणखी एक उद्योग. दहा जणांच्या टीममध्ये सगळे चांगले असले तरी एकाला शेवटचा क्रमांक द्यायचाच. मग शेजाऱ्याला मदत करणं म्हणजे स्वतःला खाली ढकलणं. हुशार मॅनेजर एक कमकुवत माणूस जपून ठेवतात, वर्षाअखेरीस बळी द्यायला. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ मध्ये बंद केली.

भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत शब्द वेगळा आहे: ब्रेक. औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांची सलग सेवा भरली की काही संरक्षणं लागू होत. म्हणून सात महिने झाले की ब्रेक, काही दिवसांनी पुन्हा भरती, शक्यतो दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर. संरक्षणासाठी आखलेली रेघ मालकाला कुंपणासारखी उपयोगी पडली. कामगारांची संख्या शंभरावर गेली की कपातीसाठी सरकारची परवानगी लागे, तिथेही तेच: कारखाना वाढतो, हजेरीपट मात्र नव्याण्णववर अडून राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांत ही मर्यादा तीनशेवर गेली, आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. एका हाताने ढील, दुसऱ्या हाताने दोर. आता ब्रेक अकराव्या महिन्यात पडू लागेल, असा माझा अंदाज आहे. चुकला तर आनंदच होईल.

गिरणीच्या दारात सकाळी बदली कामगार कार्ड घेऊन उभे राहत. कुणी आला नाही तर आत, नाहीतर तसंच घरी. आज तेच दृश्य वडापावच्या गाडीशेजारी मोटारसायकलीला टेकून, हातातल्या मोबाईलवर डोळे लावून उभं असतं. ॲपवाल्या कंपनीला हवं असतं की ऑर्डर आली त्या क्षणी जवळ चार मोकळे रायडर असावेत. रायडरला हवं असतं की आसपास आपण एकटेच असावं. वाट पाहण्याचे पैसे कंपनीला द्यावे लागत नाहीत, म्हणून ती कितीही माणसं वाट पाहत ठेवू शकते. दिवसाचा इन्सेन्टिव्ह ठरावीक ऑर्डरींच्या टप्प्यावर असतो, आणि टप्प्याच्या एक-दोन अलीकडे आलं की ऑर्डरी आटतात असं रायडर हमखास सांगतात. खरंखोटं ठरवणारं पुस्तक त्यांच्या हातात नाही. कारखान्याच्या वजनकाट्याबद्दल ऊस उत्पादक शेतकरी हेच बोलतो.

या सगळ्यात महाराष्ट्राने एक निराळी वाट काढली होती, आणि तिची आठवण श्रमसंहितांच्या गदारोळात फारशी कुणाला होत नाही. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरतो, मंडळ कामगाराला पैसे देतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, दवाखाना भागवतं. मालक बदलला तरी हक्क कामगाराच्या नावावर साठत राहतो, म्हणून त्याला कुणी पैशाने बांधून ठेवू शकत नाही. या व्यवस्थेलाही कीड लागली. काम न करता वाराई मागणारे, बोगस माथाडी, नोंदणीच टाळणारे व्यापारी, सगळं आहे. तरीही राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क असा कायदा केला, तेव्हा कल्पनेचा सांगाडा ओळखीचा होता.

ऊसतोडीत मात्र उचलीची गाठ अशी सुटली नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही बरेच दिवस ताणल्यावर. तेवढ्यात हार्वेस्टर आले आहेत. कारखान्यांना ते आवडतात, कारण यंत्र उचल बुडवून पळत नाही. हप्ते फेडायचे म्हणून यंत्राचा मालक मोठे, सपाट, सलग फड शोधतो. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे, बांधाकडेच्या ओळी, ओली जमीन आणि वाऱ्याने आडवा झालेला ऊस कोयत्याला उरतो. पडलेला ऊस तोडायला उभ्या उसापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. टनाचा दर तोच.